दगडी चर्च आणि मातीचं चॅपल
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं पहिली ते दहावी सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण सेकंड लँग्वेज म्हणून. म्हणजे व्याकरणाचे मार्क जातील तेवढे जाऊ द्यायचे आणि निबंधावर तरून जायचं! त्यामुळे आपल्या मराठी विभागाच्या संपादिकेनं मला मेसमध्ये गाठून "तुझ्या सेमिनारवर मराठीत लेख दे" असं फर्मावलं, तेव्हा मी नुसती हसले. ती हसली नाही. मग काय, लिहायला बसले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्या माथी, बाकीच्या माझ्या.

सेमिनारचा विषय होता 'भूकंप आणि जुनी दगडी बांधकामं'. गाईड सरांची एकच अट होती. जगातली कुठलीही इमारत निवडा, पण तिची पूर्ण कुंडली मांडा. कोणी बांधली, कशानं बांधली, कशी पडली आणि का पडली. शोधता शोधता मला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं एक स्पॅनिश मिशन सापडलं. नाव सान हुआन कापिस्त्रानो.

या मिशनच्या एकाच आवारात दोन प्रार्थनास्थळं होती. एक कच्च्या मातीच्या विटांचं, बुटकं, साधं चॅपल. दुसरं दगडाचं, घुमटांचं, उंच मनोऱ्याचं भव्य चर्च. १८१२ साली भूकंप झाला. दगडाचं पडलं. मातीचं आजही उभं आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. सिव्हिलच्या विद्यार्थिनीला सेमिनारसाठी आणखी काय हवं? मी एकदम खूश!

पण सेमिनारच्या आदल्या रात्री माझ्या रूम पार्टनरनं एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली. तो प्रश्न पुढे सांगते. आधी इतिहास.

मिशन म्हणजे नेमकं काय?

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'मिशन' म्हटलं की शाळा, दवाखाना आणि कडक सिस्टर आठवतात. अठराव्या शतकातलं स्पॅनिश मिशन ही वेगळीच गोष्ट होती. ती एक अख्खी वसाहत असायची. मध्ये मोठा चौक, एका बाजूला चर्च, बाकीच्या बाजूंना धान्याची कोठारं, सुतारशाळा, विणकामाचे माग, चामडं कमावण्याचे हौद, चरबी वितळवायच्या भट्ट्या. बाहेर शेती आणि हजारो गुरं. सोबतीला थोडे शिपाई. आणि हे सगळं चालवणारे दोन पाद्री.

त्या काळी मेक्सिको स्पेनच्या ताब्यात होतं. त्याच्या उत्तरेचा किनारा स्पेन आपला म्हणत होता, पण तिथे स्पेनचं माणूस नव्हतं. उत्तरेकडून रशियन लोक खाली सरकतायत अशी बातमी आली तेव्हा माद्रिदला जाग आली. एवढ्या मोठ्या मुलखात वसवायला स्पेनकडे माणसं नव्हती. मग उपाय काय? तिथल्याच लोकांना ख्रिस्ती करायचं, शेती आणि कारागिरी शिकवायची आणि राजाची प्रजा बनवायचं. हे काम फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्रींकडे दिलं गेलं. त्यांचे प्रमुख होते हुनिपेरो सेरा. १७६९ ते १८२३ या काळात दक्षिणेला सान दिएगोपासून उत्तरेला सोनोमापर्यंत अशी २१ मिशनं उभी राहिली. कापिस्त्रानो हे त्यातलं सातवं.

(फ्रान्सिस्कन हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाला जाऊन याच पंथात दाखल झाले होते. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. वसईकर त्यांना संत म्हणून ओळखतात.)

कागदावर योजना मोठी छान होती. दहा वर्षांत स्थानिक लोक तयार होतील, मग जमिनी त्यांच्या नावावर करून पाद्री पुढे निघून जातील. प्रत्यक्षात तसं झालं नाही. बाप्तिस्मा घेतला की माणूस मिशनचा झाला. परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. पळून गेला तर शिपाई पाठवून परत आणायचं आणि फटके मारायचे. कामाचे पैसे नाहीत. जेवण आणि कपडे मिळायचे. लग्न न झालेल्या मुलींना रात्री एका खोलीत कुलूप लावून ठेवत. त्या खोलीला 'मोन्हेरिओ' म्हणत. हा शब्द 'मोन्हा' म्हणजे नन या शब्दावरून आला आहे. आपल्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं म्हणून आपण किती कुरकुर करतो! पण आपण सुट्टीत घरी जातो. त्या मुलींचं घर डोंगरापलीकडे होतं आणि तिकडे जायला बंदी होती.

त्यात रोगराई. युरोपातून आलेल्या गोवर, देवीसारख्या रोगांना तोंड द्यायची ताकद तिथल्या लोकांच्या शरीरात नव्हती. दाटीवाटीनं राहिल्यामुळे साथ आली की माणसं पटापट जायची. १८०६ साली कॅलिफोर्नियाच्या मिशनांमध्ये गोवराची मोठी साथ आली होती. हे साल लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पुरलेल्या घंटा

जिथे हे मिशन उभं राहिलं तिथे अहाचेमेन लोक राहत होते. ते शेती करत नसत. ओकच्या झाडाची फळं दळून, पाण्यात धुऊन, त्यातला कडूपणा काढून त्याची लापशी करत. शिकार करत, मासे धरत. पाणी गळणार नाही इतक्या घट्ट टोपल्या विणत. त्यांची घरं म्हणजे लवचीक फांद्या वाकवून केलेला सांगाडा आणि त्यावर लव्हाळ्याचं आच्छादन. या घराला ते 'कीचा' म्हणत. या घराचा मुद्दा पुढे येईल तेव्हा हे चित्र डोळ्यासमोर आणा.

३० ऑक्टोबर १७७५ ला फेर्मिन लासुएन नावाच्या पाद्रीनं इथे क्रूस रोवला. जेमतेम आठवडा झाला आणि दक्षिणेकडून बातमी आली की सान दिएगोच्या मिशनवर तिथल्या कुमेयाय लोकांनी रात्री हल्ला केला, मिशन जाळलं आणि लुईस हायमे नावाच्या पाद्रीला मारलं. इथल्या मंडळींनी घाईघाईनं चर्चसाठी आणलेल्या घंटा जमिनीत पुरल्या आणि सान दिएगोचा रस्ता धरला. पुढच्या वर्षी खुद्द सेरा आले, घंटा उकरून काढल्या, झाडाला टांगल्या आणि १ नोव्हेंबर १७७६ ला मिशनची पुन्हा स्थापना झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला होता, पण त्याचा इथे कोणाला पत्ता असण्याचं कारण नव्हतं!

दोन वर्षांनी पाण्याच्या सोयीसाठी मिशन आताच्या जागी हलवलं. तिथे १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला मातीचं चॅपल बांधलं गेलं. माती, वाळू, पाणी आणि थोडं गवत कालवायचं, साच्यात घालून विटा पाडायच्या आणि भट्टीत न भाजता उन्हातच वाळवायच्या. याला तिकडे 'अडोबे' म्हणतात. आपल्या गावाकडच्या कच्च्या विटांचीच ही बहीण. भिंती जाडजूड, उंची बेताची, वर लाकडाचं हलकं छप्पर. १७८३ साली सेरांनी या चॅपलमध्ये धर्मविधी केले होते, म्हणून ते आज 'सेरा चॅपल' या नावानं ओळखलं जातं.

मिशन वाढलं. गुरं वाढली, धान्य वाढलं, बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या वाढली. साहजिकच मातीचं चॅपल छोटं पडायला लागलं. आणि खरं सांगायचं तर ते दिसायलाही साधंच होतं.

दगडाचं स्वप्न

२ फेब्रुवारी १७९७ ला दगडी चर्चचं काम सुरू झालं. कॅलिफोर्नियाच्या मिशनांमध्ये असं चर्च कुणी बांधलं नव्हतं. आराखडा क्रुसाच्या आकाराचा. लांबी १८० फूट, रुंदी ४० फूट, भिंती ५० फुटांच्या घरात. दर्शनी भागाला लागून घंटांचा मनोरा, तो १२० फूट. आपल्या कॉलेजची पाण्याची टाकी बघा आणि तिच्यावर आणखी टाक्या रचा, म्हणजे अंदाज येईल! बाकीच्या बहुतेक मिशनांमध्ये लाकडी छप्पर असायचं. इथे दगडी घुमट करायचे ठरले.

हे काम येरागबाळ्याचं नव्हतं. म्हणून मेक्सिकोतल्या कुलियाकानहून इसिद्रो आगिलार नावाचा उस्ताद गवंडी बोलावला. मिशनमधले अहाचेमेन लोक त्याच्या हाताखाली दगड घडवायला शिकले. दगड आणायचा कुठून? मैलोनमैल लांबच्या खाणींतून. मोठे दगड बैलगाडीत, लहान दगड माणसांच्या हातांत आणि डोक्यावर. पुरुष, बायका आणि मुलंसुद्धा या कामावर होती. चुनखडी कुटून, भाजून चुना करायचा, तोही तिथेच.

मध्येच १८०३ साली आगिलार वारला. चर्च अर्धवट होतं. घुमट नीट उमगलेला माणूस गेला. मग त्याच्या हाताखाली शिकलेल्या लोकांनीच काम पुढे नेलं. असं सांगतात की आगिलारच्या नकाशात सहा घुमट होते, पण त्याच्यानंतर भिंती नेमक्या रेषेत राहिल्या नाहीत आणि ते निभावून न्यायला सातवा घुमट घालावा लागला. आपल्याकडे साईटवर चूक झाली की 'प्लास्टरमध्ये ॲडजस्ट करू' म्हणतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे प्लास्टरऐवजी अख्खा घुमट होता.

७ सप्टेंबर १८०६ च्या संध्याकाळी चर्चचं उद्घाटन झालं. नऊ वर्षांच्या वर काम चाललं होतं. आणि साल कोणतं? गोवराच्या साथीचं, १८०६.

जमिनीनं आधीच सांगितलं होतं

सेमिनारची तयारी करताना मला सर्वात जास्त चटका लावून गेली ती ही गोष्ट. इथे भूकंप होतात हे स्पॅनिश लोकांना माहीत होतं! १७६९ साली त्यांची पहिली मोहीम या भागातून गेली तेव्हा २८ जुलैला एका नदीकाठी तळ पडलेला असताना जोराचा भूकंप झाला. त्यांनी त्या नदीला नावच दिलं, 'भूकंपांचा येशू'. आज तिला सांता आना नदी म्हणतात आणि ती या मिशनपासून फार लांब नाही.

दुसरा इशारा २२ नोव्हेंबर १८०० चा. चर्चचं काम चालू असतानाच भूकंप झाला आणि नव्या भिंतींना तडे गेले. तडे दुरुस्त केले आणि काम पुढे सुरू! नकाशा बदलला नाही, मनोरा कमी केला नाही. त्या काळी भूकंपशास्त्र नव्हतं, हे मान्य. पण भिंतीला तडा गेला की भिंत काहीतरी सांगतेय एवढं कळायला शास्त्र लागतं का?

८ डिसेंबर १८१२

तो मंगळवार होता. मरियाबाईचा मोठा सण. आमच्या शाळेतही या दिवशी खास मास असायचा, त्यामुळे तारीख वाचल्याबरोबर मला पांढरी फुलं आणि मेणबत्त्यांचा वास आठवला. कापिस्त्रानोच्या दगडी चर्चमध्ये सकाळची प्रार्थना चालू होती. मनोऱ्यात मुलं घंटा वाजवत होती. तेवढ्यात जमीन हलली.

मनोरा डोलला आणि पडला, तो चर्चच्याच अंगावर. घुमट लोकांच्या डोक्यावर कोसळले. वेदीकडचा भाग तेवढा उभा राहिला. सुमारे चाळीस माणसं ढिगाऱ्याखाली मेली. घंटा वाजवणारी दोन मुलंही गेली. सगळा खेळ सव्वासहा वर्षांत संपला. बांधायला नऊ वर्षं, वापरायला सहा!

त्याच महिन्यात २१ तारखेला आणखी एक मोठा भूकंप झाला आणि त्यात उत्तरेकडचं ला पुरिसिमा हे मिशन जमीनदोस्त झालं. तिकडे या वर्षाला 'भूकंपांचं वर्ष' म्हणतात.

८ डिसेंबरचा भूकंप कुठे उगम पावला हे कळायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. आणि ते सांगितलं कोणी, तर झाडांनी! राइटवूड नावाच्या गावाजवळ, सान आंद्रेआस या प्रसिद्ध भ्रंशरेषेवर जुनी पाइनची झाडं आहेत. त्यांच्या खोडातली वर्तुळं मोजली तेव्हा दिसलं की १८१२ नंतरची वर्तुळं एकदम बारीक झाली आहेत. म्हणजे त्या वर्षी झाडांची मुळं तुटली, शेंडे मोडले, वाढ खुंटली. १९८८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे ठिकाण मिशनपासून नव्वदहून जास्त किलोमीटर लांब आहे. भूकंपाची तीव्रता सातच्या पुढे असावी असा अंदाज आहे.

का पडलं?

आता थोडा अभ्यास. इतर ब्रँचवाल्यांनी घाबरू नये, अगदी सोप्यात सांगते.

१. वजन. भूकंपात इमारतीवर बाहेरून कोणी हात मारत नाही. जमीन सरकते आणि इमारत आपल्या जडत्वानं मागे राहते. अकरावीतलं बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वजन जेवढं जास्त, तेवढं बल जास्त. छपराच्या जागी दगडी घुमट ठेवले की सर्वात मोठं वजन सर्वात वर गेलं.

२. दगड आणि ताण. दगड दाब सहन करतो, ताण सहन करत नाही. घुमट उभा असतो तोच दाबावर. पण तो भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो. भिंती जागेवर आहेत तोवर ठीक. भूकंपात भिंती थोड्या जरी फाकल्या तरी घुमटाचा दाब सुटतो आणि तो आत येतो. लोखंडी सळई तिथे नव्हतीच.

३. मनोरा. उंच मनोरा आणि लांबट चर्च यांची डोलण्याची लय वेगळी. एक इकडे जाताना दुसरं तिकडे. शेजारी शेजारी असले की एकमेकांवर आपटतात. त्यात लांबून आलेल्या भूकंपाच्या संथ लाटा उंच इमारतींना जास्त हलवतात.

४. कारागिरी. उस्ताद गवंडी मध्येच गेला, भिंती रेषेत राहिल्या नाहीत, आधीचे तडे होतेच.

आणि मातीचं चॅपल का टिकलं? जाड भिंत, कमी उंची, हलकं छप्पर. अशा भिंतीला तडे जातात, पण ती सहजी उलथत नाही. हलते आणि परत आपल्या बुडावर बसते.

यावरून 'माती चांगली, दगड वाईट' असा निष्कर्ष मात्र काढू नका. हा निष्कर्ष माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये होता! तो खोडून काढला तो माझ्या रूम पार्टनरनं. तिचं आजोळ औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघी जन्मलोही नव्हतो, पण तिनं तो आजीकडून शंभरदा ऐकलाय. तिथे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती होत्या, त्यांचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते आणि वर लाकडावर मातीचा जाड थर घातलेलं जड माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली. म्हणजे माल कोणता यापेक्षा डोक्यावर वजन किती आणि भिंती एकमेकींना किती धरून आहेत, हे महत्त्वाचं.

रूम पार्टनरचा प्रश्न

सेमिनारच्या आदल्या रात्री मी तिच्यासमोर तालीम करत होते. स्लाइड नंबर अकरा. तक्ता होता. तारीख, तीव्रता, अंतर, कोसळलेला भाग आणि शेवटच्या ओळीत 'मृत: ४०'. मी पुढची स्लाइड लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब गं. चाळीस कोण?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? प्रार्थनेला आलेले लोक."

"अगं पण कोण? पाद्री का शिपाई?"

"नाही. मिशनमधले. अहाचेमेन."

"म्हणजे ज्यांनी दगड वाहिले तेच?"

मी गप्प. हिशोब सोपा होता. मी त्याआधी तो केलाच नव्हता, एवढंच. १७९७ ते १८०६ दगड वाहिले, १८१२ ला छप्पर पडलं. ज्या मुलांनी खाणीतून लहान लहान दगड उचलून आणले असतील ती १८१२ ला विशीत आली असणार. आमच्याच वयाची! त्यांतल्या कोणावर आपणच आणलेला दगड पडला असेल का, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण शक्यता चांगलीच आहे.

माझ्या स्लाइडवर सेरांचं नाव होतं, लासुएनचं होतं, आगिलारचं तर फोटोसकट टाकायचा प्रयत्न केला होता (फोटो कुठून मिळणार, कॅमेराच नव्हता!). वाहणारे आणि मरणारे मात्र एका आकड्यात बसवले होते.

आता ती 'कीचा' आठवा. फांद्यांचं आणि लव्हाळ्याचं घर. आपल्या कोडप्रमाणे बघायला गेलं तर ते भूकंपासाठी जवळपास आदर्श आहे! हलकं, लवचीक आणि पडलं तरी कोणी मरत नाही. हे लोक हजारो वर्षं भूकंपाच्या मुलखात राहत होते. त्यांना 'सुधारण्यासाठी' तिथून काढून दगडी घुमटाखाली आणलं. पाद्रींचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांना देवासाठी सुंदर काहीतरी उभं करायचं होतं, आणि ते खरंच सुंदर होतं. पण ते उभं करताना जमिनीला विचारलं नाही आणि जमिनीवर राहणाऱ्यांनाही विचारलं नाही.

पुढे काय झालं?

बाकीचा इतिहास भराभर सांगते. दगडी चर्च पुन्हा बांधलं नाही. प्रार्थना परत मातीच्या चॅपलमध्ये सुरू झाली. पडलेल्या मनोऱ्यातल्या घंटांसाठी १८१३ साली एक बुटकी भिंत बांधली आणि तिच्या कमानींत त्या टांगल्या (या वेळी मनोरा नाही. शहाणपण आलं!). १८१४ साली हेरोनिमो बोस्काना नावाचे पाद्री इथे आले. अहाचेमेन लोकांच्या श्रद्धा, नाच, देवकथा त्यांनी लिहून ठेवल्या. त्यांची मतं आज वाचताना खटकतात, पण तेवढं तपशीलवार लिखाण दुसरं नाही.

१८२१ ला मेक्सिको स्वतंत्र झाला. १८३३ च्या कायद्यानं मिशनं चर्चकडून काढून घ्यायचं ठरलं. जमिनी स्थानिक लोकांना मिळायच्या होत्या. बहुतेक गेल्या वजनदार लोकांच्या घशात. १८४५ साली गव्हर्नर पिओ पिकोनं हे मिशन ७१० डॉलरला विकलं. घेणाऱ्यांत एक जण त्याचा मेव्हणाच होता! मेव्हण्याचं कुटुंब मिशनमध्ये राहायला आलं. पुढे कॅलिफोर्निया अमेरिकेत गेलं आणि मार्च १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सही करून मिशन चर्चला परत दिलं. महिन्याभरातच लिंकन यांचा खून झाला.

त्याच दशकात कोणाच्या तरी डोक्यात दगडी चर्च दुरुस्त करायचं आलं. त्या खटपटीत उरलेलं आणखी पडलं. मातीच्या चॅपलचेही हाल झाले. मधल्या काळात ते कोठार म्हणून वापरलं गेलं. १९१० साली सेंट जॉन ओसलिव्हन हे आजारी पाद्री इथे आले आणि त्यांनी आपलं उरलेलं आयुष्य या जागेला दिलं. सेरा चॅपल त्यांनी १९२० च्या दशकात नीट केलं. दगडी चर्चचे अवशेष मात्र पडले तसेच ठेवले आहेत. गेल्या काही दशकांत ते भूकंपात आणखी ढासळू नयेत म्हणून मजबूत करण्यात आले. शेजारी १९८० च्या दशकात जुन्या दगडी चर्चच्या धर्तीवर नवं चर्च बांधलं, पण आधुनिक पद्धतीनं.

या पडक्या भिंतींना आणखी एक भाडेकरू मिळाला होता. पाकोळ्या! दरवर्षी १९ मार्चच्या सुमारास त्या दक्षिण अमेरिकेतून हजारो मैल उडून इथे येतात, अशी या गावाची ख्याती आहे. तुटक्या कमानींखाली त्या घरटी करत. कशाची? चिखलाची! चोचीत एकेक गोळी आणून. छोटी, हलकी, भिंतीला घट्ट धरलेली. सिव्हिलच्या सिलॅबसमध्ये पाकोळीला एक लेक्चर द्यायला हरकत नाही.

आणि अहाचेमेन? युरोपियन यायच्या आधी आजच्या कॅलिफोर्नियात अंदाजे तीन लाख मूळ रहिवासी होते. १८७० च्या सुमारास जेमतेम तीस हजार उरले. यातला मोठा संहार मिशनांनंतरच्या सोन्याच्या हव्यासाच्या काळातला आहे, पण सुरुवात आधीच झाली होती. तरी ते संपले नाहीत. मिशनजवळच्या लॉस रिओस या गल्लीत १७९४ सालची मातीची घरं अजून उभी आहेत (हो, १८१२ चा भूकंप पचवून!). अहाचेमेन वंशज आजही या भागात राहतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २०११ साली त्यांना अधिकृत जमात म्हणून मान्यता नाकारली. २०१५ साली पोपनी सेरांना संत घोषित केलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या अनेक मूळ रहिवाशांनी विरोध केला. काही जण आनंदानं सोहळ्यातही सामील झाले. २०२० साली काही शहरांत सेरांचे पुतळे पाडण्यात आले. २०२१ साली कापिस्त्रानोमध्ये पुतुइदेम या त्यांच्या जुन्या गावाच्या नावानं एक जागा खुली झाली. तिथे 'कीचा' बांधून ठेवल्या आहेत. म्हणजे आता गावात तिन्ही बांधकामं बघायला मिळतात. दगडाचं पडकं, मातीचं उभं आणि लव्हाळ्याचं पुन्हा उभारलेलं.

शेवटी

दुसऱ्या दिवशी सेमिनारला मी अकरावी स्लाइड बदलली. तक्ता तसाच ठेवला, फक्त शेवटच्या ओळीत 'मृत: ४०' च्या पुढे लिहिलं, 'बहुतेक जण ज्यांनी हे चर्च बांधलं त्यांच्यापैकी'. सरांनी ती स्लाइड जरा जास्त वेळ ठेवायला सांगितली. मग त्यांनी वर्गाला विचारलं, "तुम्ही डिझाइन करताना लाइव्ह लोड धरता. तो लोड कोण असतो?" कोणी उत्तर दिलं नाही. आम्ही कोडमधून किलोन्यूटन प्रति चौरस मीटर शोधत होतो!

मला जे उमगलं ते एवढंच. इमारत पडते तेव्हा ती बहुधा बांधणाऱ्या मजुराच्या किंवा तिच्यात राहणाऱ्या गरीब माणसाच्या अंगावर पडते. नकाशावर सही करणाऱ्याच्या अंगावर क्वचितच पडते. आपल्यापैकी बरेच जण उद्या सह्या करणार आहोत. सही करण्याआधी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? इथली जमीन काय म्हणते? आणि या छपराखाली कोण बसणार आहे?

आणि हो, सेमिनारची तालीम रूम पार्टनरसमोर जरूर करा. गाईड सरांना जे सुचत नाही ते तिला सुचतं. त्या बदल्यात मी तिला कॅन्टीनमध्ये मिसळ खाऊ घातली आहे, तिनं दोन मागितल्या!

चूकभूल द्यावी घ्यावी.